दोघांचे घर : मुदखेड जंक्शनवरील संसाराची कथा

नवरा आणि बायको अशा दोनच माणसांचे घर आज इतके परिचयाचे झाले आहे, की त्याला काही इतिहास असेल असे कोणाच्या मनातही येत नाही. दोघांपैकी एकाने भाजी आणावी, दुसऱ्याने ती फोडणीस टाकावी, महिनाअखेरीस दोघांनी मिळून हिशेब जुळवावा, यात नवल ते काय? परंतु सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी मराठी मुलखातील पांढरपेशा समाजात असे घर विरळाच आढळे. ते कोणा सुधारकाच्या व्याख्यानाने जन्मास आले नाही. सरकारी बदलीचा हुकूम आणि आगगाडीचे रूळ हे त्याचे खरे जन्मदाते होत. नांदेडजवळच्या मुदखेडसारख्या जंक्शनच्या गावी ही गोष्ट विशेष स्पष्टपणे ध्यानात येते.

जुन्या एकत्र कुटुंबात जोडपे होते, परंतु जोडप्याचा संसार नव्हता. कोठीच्या खोलीची किल्ली घरातील वडीलधाऱ्या बाईच्या कमरेला असे आणि बाजारहाट घरातील वडील पुरुषाकडे असे. सुनांनी पाळीपाळीने दळावे, निसावे, वाढावे आणि उष्टी काढावी. मुलांनी मिळवून आणलेला पैसा वडिलांच्या हाती द्यावा, असा शिरस्ता होता. वडील मंडळींच्या देखत नवऱ्याने बायकोशी दिवसाउजेडी बोलणे हे मर्यादेला सोडून समजले जाई. बायको नवऱ्याचे नाव घेत नसे आणि नवराही 'अगं' किंवा 'ऐकलंस का' यापलीकडे जात नसे. आज रात्री कोणती भाजी करावी, एवढा साधा प्रश्न देखील त्या दोघांच्या अधिकारात नव्हता.

या व्यवस्थेस पहिला तडा गेला तो नोकरीच्या बदलीमुळे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पत्नी रमाबाई यांचे उदाहरण प्रसिद्धच आहे. १८७३ साली त्यांचे लग्न झाले तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या. रानड्यांनी त्यांना स्वतः शिकविण्यास आरंभ केला. परंतु पुण्याच्या घरातील बायकांना ते रुचले नाही आणि या अक्षरओळखीपायी रमाबाईंना पुष्कळ टोमणे सोसावे लागले. १८७८ मध्ये रानड्यांची नाशिकास बदली झाली आणि प्रथमच त्या दोघांना स्वतःचे असे बिऱ्हाड मिळाले. घरची व्यवस्था आणि अभ्यास या दोन्ही गोष्टी तेथे एका छपराखाली, भांडणावाचून नांदू लागल्या. रमाबाईंनी १९१० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या आठवणींत हा सारा प्रपंच वर्णिला आहे, आणि म्हणूनच त्या पुस्तकास केवळ थोर पुरुषाचे चरित्र न म्हणता मराठी दांपत्यजीवनाचे एक आद्य साधन म्हटले पाहिजे.

दुसरे उदाहरण आनंदीबाई जोशी यांचे. त्यांचे यजमान गोपाळराव टपाल खात्यात नोकरीस होते. त्यांच्या बदल्यांबरोबर हे जोडपे अलिबाग, कोल्हापूर असे फिरत फिरत कलकत्त्यापर्यंत पोचले. येथे मात्र चित्र थोडे उलटे दिसते. अभ्यास टाकून चुलीपाशी रमल्याबद्दल गोपाळरावांनी पत्नीस मारल्याचे चरित्रकारांनी लिहिले आहे. म्हणजे दोघांचे घर झाले की तेथे प्रेम आणि समता आपोआप नांदू लागते, असे नाही. सासूचा अधिकार गेला तरी नवऱ्याचा उरतोच. पुढे १८८३ मध्ये आनंदीबाई एकट्या अमेरिकेस गेल्या. तेथेही त्यांनी आपला शाकाहार सोडला नाही. १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या आणि पुढल्याच वर्षी पुण्यास निवर्तल्या. ज्या चुलीपासून नवऱ्याने त्यांना दूर ओढले, तीच चूल परक्या देशात त्यांना आपल्या घराची खूण म्हणून सांभाळावी लागली.

ही झाली नामांकित माणसांची हकीकत. त्यांच्यामागून जी हजारो अनामिक जोडपी याच वाटेने गेली त्यांना आठवणी लिहावयास सवड नव्हती. त्यांचा माग काढावयाचा तर इंग्रजी अमलातील शहरे सोडून निजामाच्या राज्यात, मराठवाड्यात यावे लागते.

मनमाडपासून सिकंदराबादपर्यंतचा निजाम रेल्वेचा मीटरगेज मार्ग १९०० च्या सुमारास वाहता झाला. औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड ही गावे या रुळांवर ओवली गेली. नांदेडच्या पुढे पूर्वेकडे मुदखेड लागते. आणि पुढे येथूनच आदिलाबादकडे फाटा निघाल्यामुळे हे गाव जंक्शन ठरले. जंक्शन म्हटले की स्टेशनमास्तर आला, तारबाबू आला, गार्ड, सांधेवाला आणि रूळ तपासणारा गँगमनही आला. ही माणसे नोकरीसाठी दूरदूरच्या गावांहून येत. आईबाप आपल्या वतनाच्या गावी राहात आणि नवे जोडपे रेल्वेच्या दोन खोल्यांत येऊन चूल मांडी. त्या चुलीवर पहिल्या दिवशी चढलेली भाकरी हीच या लहानशा इतिहासाची सुरुवात होय.

पहिली अडचण पैशाची. निजामाच्या राज्यात हाली शिक्का नावाचे स्वतंत्र नाणे चाले आणि इंग्रजी रुपयास लोक 'कलदार' म्हणत. पुढे दोहोंचा जो सरकारी भाव ठरला त्याप्रमाणे सात हाली रुपयांना सहा कलदार पडत. म्हणजे नाशिक किंवा नगर जिल्ह्यात राहणाऱ्या आईबापांस तीस रुपये धाडावयाचे, तर मुदखेडच्या कारकुनाने पस्तीस रुपये वेगळे काढले पाहिजेत. या पाच रुपयांच्या फरकात त्या काळी घरातील पुष्कळ किराणा बसे. संसाराचा जमाखर्च मांडताना नवराबायको प्रथम एकत्र बसली असतील, तर ती बहुधा या हिशेबासाठीच.

दुसरी अडचण मापांची. धान्य वजनाने नव्हे, मापाने घेतले जाई. चार चिपट्यांचा एक शेर, चार शेरांची एक पायली, हे कोष्टक सर्वांस पाठ असे. तथापि एका गावची पायली दुसऱ्या गावच्या पायलीशी जुळेलच असा भरवसा नसे. त्यातून माप शिगोशीग भरावयाचे की हात फिरवून सपाट करावयाचे, हा वाद प्रत्येक बाजारास ठरलेला. माहेरी आईचा हात पाहून धान्य ओळखावयास शिकलेली मुलगी या कामी नवऱ्याहून जाणती ठरे. ज्वारीचा दाणा दाताखाली धरून तो जुना की नवा हे ती सांगे. कारकून मात्र दुकानदाराच्या शब्दावर विसंबे.

तिसरी आणि सर्वांत जड गोष्ट म्हणजे जाते. मराठवाड्याचे मुख्य अन्न ज्वारीची भाकरी. ज्वारीचे पीठ साठवून ठेवता येत नाही. चार दिवसांत त्याची विरी जाते आणि मग भाकरी थापू जाता तिला चिरा पडतात. म्हणून दळण हे नित्याचे काम होते. दोन माणसांपुरते पीठ काढावयाचे म्हटले तरी पहाटेचा तासभर त्यात जाई. एकत्र कुटुंबात जात्यापाशी दोघीजणी समोरासमोर बसत. खुंट्यास दोन हात लागत आणि ओवीस दोन गळे मिळत. रेल्वेच्या खोलीत ही नवी गृहिणी एकटीच. तिची ओवी ऐकावयास कोणी नाही आणि तिला ओढ द्यावयासही कोणी नाही. स्वतंत्र संसाराचे सुख सांगणारे हे एकटेपण सांगावयास विसरतात.

याच प्रदेशात, गोदावरीकाठच्या गंगाखेड गावी, संत जनाबाईंचे मूळ स्थान मानले जाते. प्रत्यक्ष विठ्ठल जनीबरोबर दळावयास बसला आणि त्याने तिच्या गोवऱ्या वेचल्या, ही कथा मराठी घरांतून शतकानुशतके सांगितली गेली. तिचा भक्तिपर अर्थ सर्वांस ठाऊक आहे. परंतु संसाराच्या दृष्टीने पाहिले तर तिच्यात एक निराळीच व्यथा दडलेली दिसते. दळणाला हात लावणारा पुरुष मराठी स्त्रीला प्रथम दिसला तो देवाच्या रूपात. घरातील माणसाकडून तिने ही अपेक्षा केली नाही.

जे देवाने केले ते नवऱ्यास करावयास लावणारी परिस्थिती या दोन खोल्यांच्या घरात हळूहळू उत्पन्न झाली. जुन्या आचाराप्रमाणे महिन्यातील चार दिवस गृहिणीने स्वयंपाकघरात पाऊल टाकावयाचे नाही असा दंडक होता. एकत्र कुटुंबात दुसरी बाई तिची जागा घेई. येथे दुसरी बाई कोठून आणावी? तेव्हा सोवळे नेसून नवऱ्यालाच चुलीपुढे बसावे लागे. दाराबाहेरून बायकोने सांगावे आणि आतून नवऱ्याने करावे, असा पाठ सुरू होई : पाणी उकळू द्या, मग पीठ वैरा, फोडणीत आधी मोहरी, मग हिंग. पिठले आणि भात, किंवा खिचडी, एवढी विद्या तरी बहुतेकांस येई. हा दंडक न्याय्य होता असे आज कोणी म्हणणार नाही. त्याने बाईला कोपऱ्यात बसविले. परंतु त्याच दंडकाने पुरुषाला चुलीचा धूर किती झोंबतो हेही शिकविले.

उलट बाजूने बायकोही उंबरा ओलांडू लागली. आगगाडीस दिवस-रात्र नाही. रात्रपाळी करून आलेला नवरा दिवसा झोपे आणि बाजार तर दिवसाच भरे. मग पिशवी घेऊन तिलाच निघावे लागे. राज्याचा कारभार उर्दूत चाले, घरची भाषा मराठी आणि पूर्वेकडून येणाऱ्या व्यापाऱ्यांच्या तोंडी तेलुगू. या तिन्ही बोलींतील अंक आणि भाजीची नावे तिला शिकावी लागली. शाळेची पायरी न चढलेल्या कित्येक स्त्रियांना हा बाजारच पहिली शाळा झाला. पुरुष चुलीपर्यंत आला तो नाइलाजाने, बाई बाजारापर्यंत गेली तीही नाइलाजाने. परंतु नाइलाजाने पडलेल्या वाटाही पुढे रुळतात.

या घरांतील अन्नाकडेही थोडे पाहिले पाहिजे. रोजचे जेवण म्हणजे ज्वारीची भाकरी, तुरीचे घट्ट वरण, एखादी पालेभाजी आणि कारळाची किंवा जवसाची चटणी. पावसाळ्यात अंबाडी आली की तिच्या भाजीत ज्वारीच्या कण्या घालीत आणि वरून लसणाची फोडणी देत. भाजी नसेल त्या दिवशी येसराची आमटी किंवा वरणफळे. धावत्या पाळीच्या माणसास बांधून द्यावयाचे तर धपाटे, कारण ते दुसऱ्या दिवशीही खाता येतात. आणि अवेळी पाहुणा आला तर भिजविलेल्या चुरमुऱ्यांची सुशीला. सरपणास तुराट्या, पऱ्हाट्या आणि गोवऱ्या. रुळांनी या ताटात भर घातली. याच मार्गावर पुढे असलेल्या धर्माबादच्या बाजाराची मिरची प्रसिद्ध आहे. तेलंगणाच्या बाजूस तांदूळ आणि चिंच मुबलक. आणि १९३७ साली बोधन येथे निजामी साखर कारखाना निघाला. ज्वारीच्या मुलखात भात हा सणाचा पदार्थ होता, तो जंक्शनच्या घरात हळूहळू नित्याचा होत गेला.

शेतकऱ्याच्या जोडप्याची गोष्ट याहून निराळी होती. त्याला बदली नव्हती आणि त्याची बायको उंबऱ्याआड कधीच राहिली नव्हती. पहाटे दळून, भाकरी बांधून ती शेतावर जाई आणि पुरुषाच्या बरोबरीने खुरपणी-वेचणी करी. मार्गशीर्षातील अमावास्येस, ज्या सणास लातूर-नांदेडकडे 'येळवस' म्हणतात त्या दिवशी, अंबील आणि पाच-दहा प्रकारच्या शेंगा-भाज्यांची भज्जी घेऊन सारे घर शेतात जेवावयास जाते. घरातील अन्न आणि शेतातील श्रम यांना एकत्र आणणारा हा सण आजही पाळला जातो. आणि याच गावांच्या कडेला अशीही जोडपी होती, की ज्यांना गावच्या विहिरीवर पाणी भरू दिले जात नसे. त्यांच्या बायकांना दळणाच्या तासावर पाण्याचे आणखी तास मोजावे लागत. दोघांच्या घराचा इतिहास लिहिताना हे तास वगळले तर तो इतिहास खोटा ठरेल.

सासूवाचूनच्या घरास आणखी एका गोष्टीची गरज भासली. ती म्हणजे पुस्तकाची. पुरणात गूळ किती, मेतकुटात डाळी कोणत्या, हे सांगणारे माणूस जवळ असेल तर ते छापावयाची जरुरी काय? १८७५ मध्ये रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' निघाले. १९१० मध्ये लक्ष्मीबाई धुरंधर यांनी 'गृहिणीमित्र' या ग्रंथात एक हजार पाककृती दिल्या. आणि १९७० मध्ये कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' आली ती तर लग्नात नवरीस देण्याची वस्तूच होऊन बसली. आईचा हात दूर गेला म्हणून आईचे शब्द कागदावर उतरले. पाकशास्त्राची पुस्तके केवळ खवय्यांसाठी नव्हती. माहेर-सासर सोडून परगावी पडलेल्या एकट्या गृहिणीची ती सोबतीण होती.

१९४७ आणि १९४८ ही वर्षे मराठवाड्यातील प्रत्येक घराने भोगली. रझाकारांच्या धामधुमीत अनेक कुटुंबे सरहद्दीपलीकडे वऱ्हाडात उमरखेडसारख्या गावांकडे गेली. कोठे बायकामुले पुढे धाडून पुरुष मागे राहिले आणि जोडप्यांची ताटातूट झाली. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने शरणागती पत्करली आणि पांगलेली घरे पुन्हा भरू लागली. पुढील दहा-बारा वर्षांत संसाराची सारी मापे बदलली. १९५१ मध्ये निजामाची रेल्वे मध्य रेल्वेत सामील झाली, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १ एप्रिल १९५७ पासून आणे जाऊन नवे पैसे आले, १९५९ मध्ये हाली शिक्का कायमचा बंद झाला, आणि शेर-पायलीच्या जागी किलो आला. दुकानात एका किलोची भाषा आणि घरात शेराची, असा व्यवहार मात्र पुढे कित्येक वर्षे चालू होता.

राज्य बदलले त्याहून मोठा बदल घरात घडविला तो पिठाच्या गिरणीने. तेलाच्या इंजिनावर आणि पुढे विजेवर चालणाऱ्या गिरण्या गावोगाव झाल्या आणि पहाटेचे जाते थांबले. त्याबरोबर ओवीही थांबली. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी पुढे महाराष्ट्रातील हजारावर गावे हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. त्यांतील काही १९९६ साली मराठवाड्यातील माजलगाव येथे ध्वनिमुद्रित झाल्या. ओवी गेली याची हळहळ पुष्कळांस वाटते. जिने चाळीस वर्षे खुंटा ओढला तिला मात्र ती हळहळ कितपत वाटली असेल, याचा विचार हळहळणाऱ्यांनी करावा.

गिरणीने आणखी एक गोष्ट केली, तिच्याकडे कोणाचे फारसे लक्ष गेलेले नाही. दळण हे जोवर जात्यावर होते तोवर ते बाईचे होते. ते घराबाहेर गेले आणि त्याचा डबा झाला. डबा सायकलच्या मागे बांधता येतो, म्हणून तो नवऱ्याचा किंवा मुलाचा झाला. काम तेच, परंतु घरात होते तेव्हा ते बायकी, आणि बाहेर गेले, त्यास पैसे पडू लागले, की पुरुषाने करण्याजोगे! पाणी भरणे हे बाईचे, पण नळाची पट्टी भरणे पुरुषाचे. चूल फुंकणे बाईचे, पण सरपणाची गाडी ठरविणे पुरुषाचे. संसारातील श्रमविभागणी अंगातील बळावर झाली नसून ती उंबऱ्यावर झाली आहे, याचा याहून स्वच्छ पुरावा दुसरा नाही.

त्यानंतर स्टोव्ह आला, दाबाने शिजविणारा कुकर आला, गॅसची शेगडी आली. २०१६ च्या उज्ज्वला योजनेने ती गरिबांच्या घरीही पोचली. तुराट्यांचा धूर सरला. मुदखेडची मीटरगेज जाऊन रुंद रूळ आले, गाव तालुक्याचे ठिकाण झाले, आणि परिसरातील शेतांत गुलाब आणि मोगरा फुलू लागला. आता पुष्कळ घरी दोघेही मिळवती आहेत. तेव्हा वाचलेले तास दोघांत सारखे वाटले गेले असतील असे कोणासही वाटेल. भारत सरकारने २०१९ मध्ये लोकांच्या दिनचर्येची जी पाहणी केली तिचे आकडे निराळे सांगतात. घरकाम करणाऱ्या स्त्रीचा त्यात दररोज सरासरी २९९ मिनिटे वेळ जातो आणि घरकाम करणाऱ्या पुरुषाचा ९७ मिनिटे. शिवाय दिवसात थोडेतरी घरकाम करणारे पुरुष शंभरात सुमारे सव्वीसच आढळले, तर स्त्रिया एक्क्याऐंशी. जाते गेले तरी पाच तास उरलेच.

म्हणून जंक्शनवरील त्या दोन खोल्यांची आठवण महत्त्वाची आहे. तेथे कोणी समतेचे व्रत घेतले नव्हते. तिसरे माणूस नव्हते, एवढ्यामुळेच त्याला फोडणी करावी लागली आणि तिला पायली मोजून घ्यावी लागली. गरज सरली, हाताखाली माणसे आली, यंत्रे आली, तेव्हा बहुतेक पुरुष चुलीवरून उठले ते पुन्हा बसले नाहीत. बाई मात्र बाजारातून परत आली ती पिशवीही आपल्याच खांद्यावर ठेवून. तिच्याकडे आलेले नवे काम राहिले आणि जुने काही गेले नाही.

अनेक घरांत अजून माळ्यावर आजोबांच्या हातच्या जमाखर्चाच्या वह्या सापडतात. तेल इतके आणे, तूरडाळ इतके शेर, आईस मनिऑर्डर इतके कलदार, अशा त्या नोंदी असतात. त्या जपून ठेवाव्यात, कारण त्या इतिहासाचे साधन आहेत. परंतु त्या वह्यांत आणलेल्या वस्तूंची नोंद आहे, रांधलेल्या अन्नाची नाही. ती दुसरी वही कोणी लिहिलीच नाही. ज्या घरांतून ऐंशी-नव्वदीच्या आजीबाई अद्याप बोलत्या आहेत, तेथे त्यांच्या पहाटेपासूनच्या दिवसाची विचारपूस करून ते लिहून ठेवणे, एवढे काम नातवंडांस सहज करता येण्यासारखे आहे. आणि लिहिता लिहिता आपल्या स्वतःच्या घरातील मिनिटांची बेरीजही त्यांनी एकदा मांडून पाहावी.